पहिली मुलाखत आणि घरातील तयारी

(दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या व त्यांच्या पालकांच्या सभेत, विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा गौरव झाला. त्यांच्या गुणांचे आपण कौतुक केले, ते योग्यच झाले. यांपैकी काही कॉलेजात जातील, काही आयटीआयमध्ये जातील आणि काहींना घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण चालू ठेवूनच नोकरी पाहावी लागेल. परंतु यांतील प्रत्येकाला आज ना उद्या एका दारातून आत जावयाचे आहे. त्या दारापलीकडे टेबलामागे दोन-तीन अपरिचित माणसे बसलेली असतील आणि ती म्हणतील, "तुमच्याविषयी सांगा." परीक्षेसाठी आपण वर्षभर मुलांच्या मागे लागतो. या दहा मिनिटांसाठी आपण त्यांची काय तयारी करून घेतो, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावकीत कोणी मुलाखत घेत नव्हते. महाराचे काम जन्मानेच ठरलेले होते. सांगावा न्यावा, सरकारी अंमलदारांच्या दिमतीस राहावे, मेलेले जनावर ओढावे आणि दारात उभे राहून जोहार घालावा. "तुला काय येते?" हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते, कारण त्या व्यवस्थेत त्या प्रश्नाला अर्थच नव्हता. या वतनाच्या बेडीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडले आणि पुढे १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने रद्द झाली. शहरात गेलेल्यांचीही स्थिती फार निराळी नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांत ज्या विणकाम खात्यात पगार अधिक, तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई.

तेव्हा, मुलाखत ही कितीही धास्तीची वाटली, तरी ती आपल्या समाजाच्या इतिहासात नवी आणि मोलाची गोष्ट आहे. "तू कोणाचा?" याऐवजी "तुला काय येते?" असे विचारणारी ती जागा आहे; निदान तशी ती असली पाहिजे. आपला मुलगा तेथे याचना करण्यास जात नाही. एका बाजूस काम आहे, दुसऱ्या बाजूस काम करण्याची पात्रता आहे आणि दोन्ही पक्ष एकमेकांस पारखून घेत आहेत. हा विचार मुलाच्या मनात रुजला की अर्धी तयारी झाली. तो कसा रुजेल, ते आता पाहू.

ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या कचेरीत वा बँकेत गेल्या, त्यांच्या मुलांना ही तयारी जेवणाच्या ताटावरच मिळते. काका साहेबांविषयी बोलतात, आत्या नव्या उमेदवाराचा किस्सा सांगते, मामा अर्ज वाचून दुरुस्त करतो. मुलाला कोणी शिकवीत नाही, तरी तो शिकतो. लोक यास हुशारी म्हणतात. वस्तुतः तो घरचा वारसा आहे. आपल्या घरी बाप पहाटे झाडू घेऊन बाहेर पडतो, आई चार घरची धुणीभांडी करते, आणि कचेरीच्या टेबलाच्या त्या बाजूस कोणी बसलेले नसते. म्हणून जे त्यांना आयते मिळते, ते आपण जाणूनबुजून, ठरवून दिले पाहिजे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आईबापांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत मुलास एखादे शिल्प, म्हणजे उपजीविकेचे कौशल्य, शिकविणे हे एक आहे. आजच्या काळात आपले कौशल्य दुसऱ्यापुढे मांडता येणे हाही त्या शिक्षणाचाच भाग होय.

आता तयारीकडे वळू. पहिली तयारी कागदपत्रांची. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे, असे अनेक घरांत आढळते. कोणी आडनाव बदललेले असते, तर कोठे वडिलांच्या नावाचे अक्षर चुकलेले असते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ही गोष्ट ध्यानात आली, तर उपयोग नाही. मूल शाळेत असतानाच नोंदी तपासाव्यात, कारण शाळा सोडल्यानंतर दाखल्यातील नोंद बदलणे फार कठीण जाते. नाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवावी.

जातीच्या दाखल्याविषयी काही कुटुंबांत अजून गैरसमज आहे. बौद्ध झालो म्हणजे सवलती गेल्या, असे सांगून लोकांस भिवविणारे पूर्वीही होते. महाराष्ट्र राज्याने १९६० साली बौद्धांना सवलती दिल्या आणि १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांना केंद्रातही तो हक्क मिळवून दिला. परंतु हक्क कायद्यात असून भागत नाही. तो कागदावर आपल्या हाती असावा लागतो. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचे नाव असावे लागते. नुसते "बौद्ध" एवढे लिहून चालत नाही. राज्याच्या नोकरीसाठी जात पडताळणीही लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करावा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा वा जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला वा गावचा जुना उतारा ट्रंकेत पडलेला असेल, तर तो आजच शोधून ठेवा.

मूळ कागद मुलाखतीस दाखवावेत. ते कोणाच्या स्वाधीन करू नयेत. छायाप्रती द्याव्यात. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तेथून उठून यावे. जेथे कामासाठी पैसे मोजावे लागतात, तेथे काम नसते. असलीच तर फसवणूक असते.

दुसरी तयारी माहितीची. सर्व नोकऱ्यांना मुलाखत असतेच असे नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली आहे; तेथे लेखी परीक्षा व कौशल्य चाचणी यांवर निवड होते. याचा अर्थ असा की, आपल्या मुलांची पहिली मुलाखत बहुधा खासगी ठिकाणी होईल. ते मोठे दुकान असेल, रुग्णालय असेल, कारखाना असेल किंवा टेलिफोनवरून ग्राहकांशी बोलण्याचे केंद्र असेल. तेथे आरक्षण नाही. शिकाऊ उमेदवारीची गोष्ट थोडी निराळी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याची तरतूद आहे. आयटीआयच्या मुलांनी ती विसरू नये. आणि पालकांनी हेही ध्यानात ठेवावे की चौदा वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवणे गुन्हा आहे आणि अठरा वर्षांपर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. पहिला पगार हाती आला म्हणून मुलाचे शिक्षण थांबवू नका.

ज्या ठिकाणी जावयाचे, ते ठिकाण आदल्या दिवशी जाऊन पाहून यावे. बस किती वाजता सुटते, फाटक कोठे आहे, हे ठाऊक असले की सकाळची धांदल वाचते. दुकान असेल तर तेथे काय विकतात, कारखाना असेल तर तेथे काय बनते, एवढे तरी मुलास सांगता आले पाहिजे. कपडे नवे असण्याची गरज नाही. धुतलेले व इस्त्री केलेले असावेत. उसने बूट घालून जाणाऱ्याचे अर्धे लक्ष बुटांकडेच राहते.

तिसरी तयारी बोलण्याची. आमच्या मुलांना काही अनुभव नाही, असे पालक म्हणतात. हे खरे नाही. १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी ज्या मुलाने गोळा केली, पावत्या फाडल्या आणि पै-पैचा हिशेब सभेपुढे ठेवला, त्याला पैशाचा व्यवहार कळतो. आईच्या बचत गटाची वही जी मुलगी लिहिते, तिला नोंदी ठेवता येतात. भावाच्या भाजीच्या गाडीवर उभा राहणारा मुलगा रोज पन्नास गिऱ्हाइकांशी बोलतो. विहारातील लहान मुलांचा वर्ग जी घेते, तिला शिकविता येते. हाच अनुभव होय. त्याला नाव देऊन, दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. "मला काही येत नाही, पण संधी द्या," असे सांगणारा उमेदवार आणि "गेली दोन वर्षे वस्तीच्या वर्गणीचा हिशेब मी ठेवतो," असे सांगणारा उमेदवार, यांत निवड करणाऱ्याला फरक सांगावा लागत नाही.

भाषेविषयी आपल्या मुलांच्या मनात मोठा धाक असतो. कोणी "न" आणि "ण" वरून हसलेले असते, कोणी इंग्रजीवरून. ज्या भाषेत आईने वाढविले, त्या भाषेची लाज धरू नये. परंतु ज्या कामासाठी जावयाचे, त्या कामाची भाषा शिकण्यास आळसही करू नये. प्रश्न कळला नाही तर "कृपया पुन्हा सांगाल का?" असे विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर ठाऊक नसेल तर "हे मला ठाऊक नाही, पण मी शिकून घेईन," असे सरळ सांगावे. खोट्या उत्तरापेक्षा हे उत्तर वजनदार असते.

आता मी सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. तो प्रश्न असा असतो: "घरी कोण कोण असते? वडील काय करतात?"

हा प्रश्न साधा दिसतो. परंतु २००७ साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या संशोधकांनी दिल्ली परिसरातील २५ कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे दिसून आले की हे अधिकारी तोंडाने गुणवत्तेची भाषा बोलत होते, आणि तरीही त्यांतील बहुतेक उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी महत्त्वाची मानून तिच्याविषयी विचारीत होते. म्हणजे, "तुला काय येते?" या प्रश्नाच्या आडून "तू कोणाचा?" हा जुना प्रश्न पुन्हा आत शिरतो. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले होते. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. फक्त नावे निराळी. दलित नावाच्या अर्जास पुढील बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या अर्जाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली.

मग मुलाने काय करावे? कोणी म्हणतात, आडनाव बदलावे आणि वडील "व्यवसाय करतात" असे मोघम सांगून वेळ मारून न्यावी. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु त्याचे मोल फार मोठे आहे. जो मुलगा एकदा बापाचे काम लपवितो, त्याला ते रोज लपवावे लागते. डबा खाताना, सुटीच्या दिवशी, कोणी घरी येतो म्हणाले की त्याच्या पोटात गोळा येतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्या बापाकडे तो त्याच नजरेने पाहू लागतो ज्या नजरेने गावाने पाहिले होते. आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातील चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. ते केवळ दुसऱ्याच्या भल्यासाठी नाही. आपले स्वतःचे मन ताठ राहावे म्हणूनही आहे.

म्हणून उत्तर खरे असावे, थोडके असावे आणि तेथून बोलणे पुन्हा कामाकडे वळवावे. "माझे वडील महानगरपालिकेत सफाई कामगार आहेत. बावीस वर्षे ते पहाटे पाच वाजता कामावर हजर असतात. वेळेची सवय मला त्यांच्याकडून लागली आहे." हे उत्तर देताना मुलाची नजर खाली गेली नाही, तर समजावे की त्याची तयारी पूर्ण झाली. आई घरकाम करीत असेल तर तेही असेच सांगावे. बाप नसेल किंवा व्यसनात बुडालेला असेल, तर "आमचे घर आई चालविते," एवढे सांगणे पुरेसे आहे. घरची सारी कहाणी सांगण्यास उमेदवार बांधलेला नाही. खरे बोलणे म्हणजे सर्व काही बोलणे नव्हे.

जातीविषयीही तोच नियम. जेथे राखीव जागेवर अर्ज केला आहे, तेथे दाखला निःसंकोच पुढे ठेवावा. तो हक्क आहे, उपकार नव्हे. जेथे जातीचा प्रश्नच उद्भवत नाही अशा खासगी ठिकाणी कोणी आडनावावरून खोदून विचारू लागले, तर शांतपणे म्हणावे, "आम्ही बौद्ध आहोत. या कामाविषयी आपणांस माझ्याकडून आणखी काय जाणून घ्यावयाचे आहे?" वाद घालू नये, ओशाळूही नये. मात्र कोणी चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर तो मुकाट्याने गिळावयाचा नाही. तारीख, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत व जाणत्या मंडळींचा सल्ला घ्यावा. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

पण हे उत्तर मुलाच्या तोंडून निघावयाचे असेल, तर ते प्रथम घरात निघाले पाहिजे. बापाने आपल्या कामाविषयी मुलापुढे कधीच न बोलता सारा जन्म काढला, तर मुलगा परक्यांपुढे काय बोलणार? बंधूंनो, एखाद्या संध्याकाळी मुलास जवळ बसवून आपण काय काम करतो, ते कसे करतो, त्यात कोणते कसब लागते, हे त्यास सांगा. गटार साफ करणाऱ्यालाही कोणते झाकण आधी उघडावे आणि किती वेळ थांबावे हे कळावे लागते. न कळल्याने माणसे मेलेली आहेत. हे काम आपल्या मुलाने करू नये म्हणून आपण झटतो, ते योग्यच आहे. परंतु ज्या व्यवस्थेने हे काम एका जातीच्या माथी मारले, लाज तिला वाटली पाहिजे. ते करून मुलांना शिकविणाऱ्या बापाला नव्हे.

मुलींच्या पालकांना दोन शब्द. मुलीबरोबर फाटकापर्यंत जरूर जा. पण आत तिच्या वतीने उत्तरे देऊ नका. ज्या मुलीला घरात आपले मत मांडता येत नाही, तिला तेथेही मांडता येणार नाही. कामाची वेळ, रात्रपाळी, परत येण्याची सोय हे प्रश्न तिने स्वतः विचारावेत. दहा वा अधिक माणसे कामावर असतील तेथे लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती असणे २०१३ च्या कायद्याने आवश्यक आहे, हेही तिला ठाऊक असावे.

पगाराविषयी बोलताना "आपण द्याल ते," असे म्हणण्याची आपल्याला जुनी सवय आहे. ती बलुत्याची भाषा आहे. पगार किती, सुटी कोणती, नेमणुकीचे पत्र केव्हा मिळेल, हे विनयाने विचारणे उद्धटपणा नव्हे. सिगालोवाद सुत्तात मालकाचीही कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर रजा द्यावी. कामगाराची कर्तव्येही तेथेच आहेत. कर्तव्य दोन्हीकडे आहे, म्हणूनच हा दोन माणसांमधील करार आहे.

शेवटी एक सूचना. आपल्या प्रत्येक विहारात दर रविवारी, वंदनेनंतर, एक तास या कामासाठी ठेवावा. टेबलामागे तीन खुर्च्या मांडाव्यात. वस्तीतील निवृत्त कारकून, परिचारिका, शिक्षक, कारखान्यातील अनुभवी कामगार, जे कोणी असतील त्यांनी तेथे बसावे. मुलाने दार लोटून आत यावे, नमस्कार करावा आणि दहा मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्यावीत. वडिलांविषयीचा प्रश्न प्रत्येकास अवश्य विचारावा. नंतर त्याला एक चांगली गोष्ट आणि एक सुधारण्याची गोष्ट सांगावी. कोणी हसू नये. पहिल्या वेळी मुलाचा आवाज कापेल, तिसऱ्या वेळी कापणार नाही. इतरांपाशी वशिला आहे. आपल्यापाशी संघ आहे. तो अशा वेळी उपयोगी पडला नाही, तर केव्हा पडणार?

तरुण मित्रांनो, एवढे करूनही नकार येईल. काही वेळा तो खरोखरीच आपल्या उणिवेमुळे येतो. ती शोधून दूर करावी. काही वेळा तो नावामुळे येतो; तो आपला दोष नव्हे, हे मनास बजावावे. प्रत्येक नकारामागे जात पाहू नका आणि प्रत्येक नकार स्वतःच्या माथीही घेऊ नका. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात नोकरी होती, पण राहावयास जागा मिळाली नाही आणि ती नोकरी सोडून परतावे लागले. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांनी ज्या दारांवर धडका दिल्या, त्यांतील कित्येक आज तुमच्यासाठी उघडी आहेत. त्यांतून आत जाताना मान खाली घालू नका. आणि आत गेल्यावर, मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवा.

पुढल्या रविवारी त्या तीन खुर्च्या येथे मांडलेल्या दिसतील, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.

जय भीम!